सोसायटी ग्रुप: कोकणात सात गावं की दोनच?

फ्लॅट ५०१: दिवाळीनंतरच्या सहलीचं आता ठरवून टाकू. मी यादी केली आहे. अलिबाग, मुरुड-जंजिरा, श्रीवर्धन, गुहागर, गणपतीपुळे, मालवण, वेंगुर्ला. सहा दिवस. नागपूरहून एवढ्या दूर जाऊन राहिलो तर सगळंच पाहून येऊ.

फ्लॅट २०३: मुलांचं मत मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्यात होडीने जायचंय त्यांना.

फ्लॅट १०२: मी वेगळंच सुचवतो. आपल्याला पूर्वेचा समुद्रही तसा दूर नाही. विशाखापट्टणमजवळ भिमिली नावाचं छोटं गाव आहे, डचांच्या वेळचं कब्रस्तान आहे तिथे. सूर्य समुद्रातून उगवताना दिसतो, कोकणात तो मावळतानाच दिसणार.

फ्लॅट ३०४: काका, भिमिली पुढच्या वर्षी नक्की करू. पण या वेळी चार आजी-आजोबा सोबत आहेत. त्यांना भाषा आणि जेवण ओळखीचं असलं की निम्मा थकवा जातो.

आणि ५०१ दादा, यादीतलं एकही गाव वाईट नाही, पण सहा दिवसांत सात गावं नकोत. तीन वर्षांपूर्वी आम्ही हेच केलं. रोज सकाळी बॅगा बांधायच्या, रोज संध्याकाळी नवी खोली शोधायची. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "सुपारीच्या वाड्या होत्या ते गाव कोणतं गं?" आम्हा चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. फार वाईट वाटलं मला.

किनाऱ्याचा रस्ता समृद्धीसारखा सरळ नाही. मध्येमध्ये खाडी आडवी येते. मग आत वळसा घालून पुलापर्यंत जायचं, नाहीतर फेरीबोटीसाठी थांबायचं. नकाशावर बोटभर दिसतं तेवढ्यात अर्धा दिवस जातो.

म्हणून माझं म्हणणं, शेजारशेजारची दोन गावं घ्या. गुहागर आणि आंजर्ले. दोन्हीकडे दोन-दोन रात्री, बाकीचा वेळ जाण्यायेण्यात. नागपूर-मडगाव स्पेशल आठवड्यातून दोनदा असते, ती चिपळूणला थांबते. तिथून गुहागर साधारण ४५ किलोमीटर. परत येताना दापोलीवरून खेड स्टेशन. स्पेशल गाडी आहे, तिची मुदत वेळोवेळी वाढवतात, त्यामुळे तारखा पाहूनच सुट्ट्या टाका.

फ्लॅट ५०१: दोन गावांत चार दिवस करायचं काय पण? मुलं कंटाळतील.

फ्लॅट ३०४: नाही कंटाळत. गुहागर हे किनाऱ्याला समांतर लांबट वसलेलं गाव आहे. रस्ता, घर, घरामागे नारळ-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की वाळू. मुलं मागच्या दाराने समुद्रावर जातात. गावातच व्याडेश्वराचं देऊळ आहे, आपल्या विंगमधल्या दोन घरांचं ते कुलदैवत. एक दिवस वेळणेश्वर आणि हेदवी. हेदवीला बामणघळ आहे, खडकातली अरुंद चीर. भरतीला लाट तिच्यात घुसली की पाण्याचा उंच फवारा उडतो. ते लांबूनच पाहायचं, घळीच्या काठावर फोटोसाठी कोणी जाणार नाही हे आत्ताच ठरवू.

मग धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ. टेम्पो ट्रॅव्हलर बोटीवर चढते, आपण कठड्याशी उभं राहून वाशिष्ठीची खाडी पाहायची. मुलांना हे किल्ल्याइतकंच आवडेल. पुढे हर्णैला संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूवरच मासळीचा लिलाव होतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आंजर्ल्यात कड्यावरचा गणपती आहे, वरून सगळा किनारा दिसतो.

फ्लॅट २०३: मालवण राहून जाईल मग.

फ्लॅट ३०४: राहू दे वहिनी, खरंच. सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ मध्ये बांधला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. मुलांनी तो निवांत पाहायला हवा, धावतपळत नाही. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला अशी वेगळी सहल करू, कुडाळला उतरून.

फ्लॅट १०२: हे पटलं. पण पोहण्याचं काय? आपली मुलं अंबाझरी-फुटाळा तलाव पाहून मोठी झाली, समुद्र त्यांना माहीत नाही.

फ्लॅट ३०४: बरं झालं विचारलंत काका, मला याचीच काळजी आहे. कोकणातले लोक तिथीवरून भरती काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. आपण कार्तिकी एकादशीच्या सुमारास तिथे असू. ११ ची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी आणि रात्री साधारण सव्वाआठला भरती, दुपारी दोन-सव्वादोनला पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. पाणी ओसरायला लागलं की ते आत ओढतं, तेव्हा मुलं घोट्यापेक्षा खोल जाणार नाहीत. आणि तिथे पोचल्यावर घरमालकांना विचारायचंच, कुठल्या बाजूला उतरायचं नाही ते. ते सांगतील तो शेवटचा शब्द.

फ्लॅट २०३: जेवणाचं? आमच्याकडे दोघं शाकाहारी.

फ्लॅट ३०४: घरगुती जेवण मिळतं, पण सकाळीच किती पानं ते सांगावं लागतं. ऐनवेळी पंधरा जण जाऊन बसलो तर त्या घरातल्या बाईची तारांबळ उडते. मासे हवे त्यांना सुरमई, बांगडा. बाकीच्यांना आमटी-भात, सोलकढी, आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक. आपल्यासारखी तर्री तिथे नसते, तिखट खाणाऱ्यांनी ठेचा सोबत घ्या.

फ्लॅट ५०१: ठीक आहे, माझी यादी मागे घेतो. दोन गावं. टेम्पो ट्रॅव्हलरचं मी विचारतो.

फ्लॅट ४०१: मी आजी लिहिते आहे, नातवाच्या फोनवरून. एकाहत्तर वर्षांत समुद्र पाहिला नाही मी. पण गुडघे दुखतात, जिना चढवत नाही.

फ्लॅट ३०४: आजी, वाडीतली बैठी घरंच बघते, जिना नको. मागच्या अंगणातून वाळूपर्यंत मी हात धरून नेईन तुम्हाला. खुर्ची घरमालकांकडून मागून घेऊ, दुपारी ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर ठेवली की रुतत नाही.

फ्लॅट ४०१: मग माझं नाव लिही. एकादशीचा उपास असेल, साबुदाणा आणि दाण्याचं कूट मी सगळ्यांपुरतं आणते.