मदत हवी आहे: लाल अक्षरं पसरतात, टाळ्यांचा आवाज चरचरतो

रानवारा: उद्या सकाळी व्हिडिओ द्यायचाय. काळ्यावरची लाल अक्षरं एक्सपोर्टनंतर कडेला पसरतात, पांढरी मात्र स्वच्छ. टाळ्या आल्या की आवाज चरचरतो. बिटरेट (सेकंदाला किती डेटा) दुप्पट केला, फरक शून्य. कोणती सेटिंग बदलू? लवकर सांगा.

जुनीरीळ: अक्षरं चित्रणातली की एडिटरमध्ये टाकलेली? आवाज कशावर रेकॉर्ड केला?

सप्तक: आवाजाला कॉम्प्रेसर लावा, रेशो ३:१. मी नेहमी तेच करतो.

जुनीरीळ: तो कॉम्प्रेसर आवाजाची पातळी सांभाळतो. इथे फाईल लहान करणाऱ्या कॉम्प्रेशनचा प्रश्न आहे. नाव सारखं, काम वेगळं.

चौकट: अक्षरांचं कारण ४:२:०, म्हणजे रंगाची माहिती कमी करून साठवायची पद्धत. उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला असते, रंगाची २×२ च्या चौकोनाला मिळून एकच. १९२०×१०८० च्या चित्रात रंग उरतो ९६०×५४०. काळा-पांढरा फरक सगळा उजेडात असतो, म्हणून ती अक्षरं शाबूत. लाल आणि काळ्यात उजेडाचा फरक कमी, कड रंगाच्याच भरवशावर. बिटरेटने हे जाणार नाही. ४:४:४ ने काढा, त्यात रंगही प्रत्येक पिक्सेलला असतो.

जुनीरीळ: ४:४:४ ची एच.२६४ (व्हिडिओ लहान करायची पद्धत) फाईल कितीतरी टीव्ही आणि फोनवर चालतच नाही! आणि मूळ चित्रण ४:२:० असेल तर गेलेला रंग परत कुठून येणार?

चौकट: चित्रणातला नाही येणार. एडिटरमध्ये टाकलेल्या अक्षरांचा रंग मात्र पूर्ण असतो, तो एक्सपोर्टलाच कापला जातो. म्हणून तर तुम्ही विचारलेलं आधी कळायला हवं.

रानवारा: अक्षरं एडिटरमधलीच. आवाज फोनवर, एमपी३ १२८ केबीपीएस. मित्राने साफ करून परत एमपी३ पाठवला. एक्सपोर्ट एएसी (एमपी३सारखाच आवाज लहान करणारा प्रकार).

जुनीरीळ: अहो, हे आधी सांगायचं! तीनदा कॉम्प्रेस झालाय. टाळी एकदम उसळते. एमपी३ आवाजाचे तुकडे पाडून हिशेब करतं आणि त्यातली चूक तुकडाभर पसरते, टाळीच्या आधीसुद्धा. प्रत्येक फेरीत भर पडते. मित्राकडून डब्ल्यूएव्ही (कॉम्प्रेस न केलेली फाईल) मागवा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे १५३६ केबीपीएस. फाईल मोठी होईल, होऊ द्या. एएसी फक्त शेवटी, एकदाच.

सप्तक: रेकॉर्डिंगच ओव्हर गेलं असेल, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर मोठा. माईक कोणता?

जुनीरीळ: फोनमधली पहिली फाईल ऐका, लगेच कळेल. अक्षरं पांढरी करून मागे लाल पट्टी द्या, ४:२:० मध्येही टिकतील.

रानवारा: पट्टी दिली, कडा स्वच्छ! मित्राने डब्ल्यूएव्ही ठेवलीच नव्हती. फोनमधल्या पहिल्या फाईलमध्ये टाळ्या ठीक आहेत, थोडा पंख्याचा आवाज आहे. तीच लावून एक्सपोर्टला टाकलंय.

सप्तक: पंख्यासाठी लो-कट (खालचा घुमणारा आवाज कापणारा फिल्टर) लावा, ८० हर्ट्झ.