डब्लिन-न्यूयॉर्कचं ते पोर्टल कोणी प्रत्यक्ष बघितलंय का?

रानजाई:
मे २०२४ मध्ये डब्लिन आणि न्यूयॉर्कला भर रस्त्यात मोठे गोल स्क्रीन लावले ना, इकडची माणसं तिकडे लाइव्ह दिसतात, ते. बेनेडिक्टस गिलिस या लिथुआनियन कलाकाराचं काम, पहिली जोडी २०२१ ला व्हिल्नियस आणि पोलंडमधल्या लुब्लिनला लागली होती. खिशात व्हिडिओ कॉल असताना लोक तिथे जाऊन का उभे राहतात? आणि आवाज का नाही? नुसते हात हलवून काय कळणार एकमेकांना?

डब्लिनचा_सातारकर:
मी बघितलंय, डब्लिनमध्ये नॉर्थ अर्ल स्ट्रीटला. जूनमध्ये आई आली होती तेव्हा तिला घेऊन गेलो, आमचे दुपारचे चार म्हणजे तिकडे सकाळचे अकरा. आईला इंग्रजी येत नाही त्यामुळे दुकानात, बसमध्ये कोणी काही बोललं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची. इथे समोरच्या बाईने कुत्र्याचा पाय धरून टाटा केला, आईने नमस्कार केला, मग त्या बाईनेही हात जोडले, आईने नातीला उचलून दाखवलं, बराच वेळ चाललं होतं त्यांचं आणि मी मागे नुसता उभा. आवाज असता तर परत मलाच मध्ये पडावं लागलं असतं. आणि व्हिडिओ कॉल आपण ओळखीच्यांनाच करतो ना?
सुरुवातीला काही लोकांनी घाण चाळे केले म्हणून १४ मेला बंद ठेवलं होतं, फार वाईट वाटलं. १९ ला परत सुरू झालं. त्यानंतर कोणी कॅमेऱ्याला चिकटलं की दोन्हीकडचं चित्र धूसर व्हायचं.

चित्रवेडी:
आईंचं वाचून छान वाटलं, पण आवाजाचं मला नाही पटत. नोव्हेंबर १९८० मध्ये किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ यांनी 'होल इन स्पेस' केलं होतं, न्यूयॉर्कचं लिंकन सेंटर आणि लॉस एंजेलिसमधलं एक दुकान सॅटेलाइटने जोडलं, माणसं पूर्ण उंचीची दिसायची आणि आवाजही होता. कुठे जाहिरात नाही, पाटी नाही. पहिल्या रात्री लोक चालता चालता थबकले, दुसऱ्या रात्री ऐकून आले, तिसऱ्या रात्री लांब राहणारे नातेवाईक ठरवून दोन टोकांना आले. नातेवाईक म्हटल्यावर नुसतं बघून भागतं का?

रानजाई:
म्हणजे आपलं माणूस असेल तर आवाज हवा, परक्यासाठी नसलेलाच बरा, असं वाटतंय आता. न्यूयॉर्कचं अजून तिथेच आहे का?

डब्लिनचा_सातारकर:
नाही, ऑक्टोबर २०२४ ला फिलाडेल्फियाला हलवलं. आई फोनवर अजून त्या कुत्र्याचं विचारते.