तक्त्यात शून्य आलं, मग घटना 'स्वतंत्र' का नाहीत?

शेंगाचटणी: बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, सोलापूर. सरांनी आपल्या आसपासचा तक्ता करून आणायला सांगितला. पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत, तिथून २०० नगांची नोंद आणली. दिवसपाळीचे १२०, त्यांत ६ खराब. रातपाळीचे ८०, त्यांत ९ खराब. एकूण खराबांत तेलाचा डाग पडलेले ४, चारही रातपाळीचे. दिवसपाळी आणि डाग या घरात शून्य आलं, म्हणून मी लिहिलं, "दोन्हींचा संबंध नाही, घटना स्वतंत्र." सरांनी लाल रेघ मारून नुसतं "गुणून बघ" लिहिलंय. काय गुणू?

फोल्डिंगवाला: अगं, कडेच्या बेरजा गुण. दिवसपाळी १२०/२०० म्हणजे ०.६, डाग ४/२०० म्हणजे ०.०२. गुणाकार ०.०१२. आतल्या घरात तेवढंच आलं असतं तर स्वतंत्र. तिथं तर ० आहे.
मी रोज हेच टॉवेल उलटेपालटे करतो (संख्याशास्त्र शिकून फोल्डिंगला बसलोय, तो विषय वेगळा). तुझ्या ढिगातला नग दिवसपाळीचा आहे एवढं कळलं की डाग शोधायलाच नको. एका गोष्टीनं दुसरीचा निकाल लावला, मग संबंध नाही कसा? शून्याचं घर म्हणजे परस्पर अपवर्जी, एकत्र न घडणाऱ्या घटना. दोन्ही घटना मुळात घडू शकत असतील, तर अपवर्जी असून स्वतंत्र असणं जमतच नाही, कारण गुणाकार शून्य येणारच नाही. आमच्याकडं मागाला तेल रातपाळी चढताना घालतात, तुमच्याकडंही तसंच असेल तर शून्याचं कोडं तिथंच सुटतं.

शेंगाचटणी: कळलं! मग खराब मालाचं करून बघितलं. एकूण खराब १५/२०० म्हणजे ०.०७५. ०.६ × ०.०७५ = ०.०४५, आणि घरात ६/२०० = ०.०३. जुळत नाही. म्हणजे रातपाळीचं काम वाईट? पप्पा रातपाळीलाच असतात ओ.

काठपदर: थांब, घरी काही बोलू नकोस. या २०० नगांपुरतं 'स्वतंत्र नाही' हे बरोबर. पण सगळ्या मालाबद्दल बोलायचं तर एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. कार्ल पिअर्सननं १९०० साली मांडलेली काय-वर्ग कसोटी लाव, आलेला फरक योगायोगाचा असू शकतो का ते ती सांगते. स्वतंत्र असते तर खराब ९ आणि ६ अपेक्षित होते, तुझे आलेत ६ आणि ९. चांगले १११ आणि ७४ अपेक्षित. चारही घरांत फरक ३ चाच, त्याचा वर्ग ९, तो त्या-त्या अपेक्षित संख्येनं भाग. ९/९ + ९/६ + ९/१११ + ९/७४ = साधारण २.७०. पाच टक्के पातळीला, एका स्वातंत्र्यांशाला (दोन बाय दोनच्या तक्त्याला तो एकच असतो) मर्यादा ३.८४; खरा संबंध नसताना नुसत्या योगायोगानं याच्या वर जायची शक्यता पाचच टक्के. तिच्या आत आहे, म्हणजे रातपाळीला दोष देण्याइतका पुरावा नाही. डागाच्या तक्त्याला मात्र ही कसोटी लावू नकोस, तिथल्या अपेक्षित संख्या २.४ आणि १.६, फार लहान, म्हणून उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

शेंगाचटणी: राहवलं नाही, जेवताना पप्पांना तक्ता दाखवलाच. भाकरी मोडत म्हणाले, "तीन नंबरचा जुना माग फक्त रात्री चालतो. त्याचा रकाना कुठाय?"