फक्त ‘फॉर’ने भागणार नाही
‘आय ॲम लिव्हिंग इन सांगली सिन्स टेन इयर्स’ या चुकीच्या इंग्रजी वाक्यात ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ टाकलं की झालं, असं काही जण सांगतात. ते अर्धंच बरोबर. क्रियापदही चुकलंय: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन सांगली फॉर टेन इयर्स’ हवं. मराठीत ‘दहा वर्षांपासून राहतोय’ला वर्तमानकाळ पुरतो, म्हणून ‘ॲम’ येतं. ‘किती काळ’ला ‘फॉर’, ‘केव्हापासून’ला ‘सिन्स’: सिन्स 2015, सिन्स मंडे. मिरज एमआयडीसीत अर्ज करणाऱ्या मुलांनो, ‘सिन्स लास्ट फाइव्ह इयर्स’ कृपया खोडा. ‘फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स’ लिहा. मात्र ‘नो’ (know, ओळखणं) या क्रियापदाला आयएनजी लावू नका, ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ एवढंच. आणि सांगली सोडली असेल तर साधा भूतकाळ, ‘लिव्ड’.