तीनशे घोड्यांचे मालक रोज गाडी कशी चालवतात?

लाल_किल्ली
परवा टायरच्या धाग्यावर एका सदस्याने ठोकून दिलं, "आरशात स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस दिसली की निमूट बाजूला व्हायचं, आतला माणूस माजलेलाच असतो." त्याला भरभरून +१ मिळाले. माझ्याकडे तीच गाडी आहे, मित्रांकडे एक बीएमडब्ल्यू एम ३४०आय, एक पोलो जीटीआय आणि एक मस्टँग, सगळ्या भरपूर हॉर्सपॉवरच्या. म्हणून हा धागा. माझं म्हणणं सरळ आहे: रोजच्या रस्त्यावर आमच्याइतकं जपून कुणी चालवत नाही.

सकाळी गाडी काढली की पाण्याचा काटा लगेच नव्वदवर येतो, पण इंजिन ऑइल तापायला बराच जास्त वेळ लागतो. ऑइल थंड असताना टर्बो ताणला तर खर्च आपल्याच खिशातून. त्यामुळे ज्याला गाडी कळते तो पहिले सात-आठ किलोमीटर तीन हजार आरपीएमच्या वर जात नाही. पुण्यात तेवढ्यात ऑफिस येतं.

मग स्पीडब्रेकर. सरकारी नव्हे, सोसायटीच्या गेटसमोर कुणीतरी रातोरात डांबर ओतून केलेला. गाडी तिरकी घ्यायची, एकेक चाक चढवायचं, मागे रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि एवढं करूनही खालून खर्रर्र येतंच. टायर इतके कमी उंचीचे की पावसाळ्यात एका खड्ड्यात साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, फुगा आणि अलॉय व्हील वाकडं.

आणि ताकद वापरणार कुठे? एम ३४०आय ४.४ सेकंदांत शंभरला पोहोचते. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर सपाटीला मर्यादाच १००. म्हणजे टोलनाक्यातून निघाल्यावर पाच सेकंदांत हौस संपली, पुढे क्रूझ कंट्रोल. डिपर मारत डावीकडून घुसणारे बघा कोण असतात: पांढऱ्या टॅक्सी आणि मागच्या काचेवर 'भाऊ' लिहिलेल्या एसयूव्ही.

स्टेपनी_नाही
सहमत, फक्त एक भर. फारच जपून चालवणंही वाईट. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यांच्यावर कार्बन बसतो. वरच्या गिअरमध्ये बाराशे आरपीएमवर ओढत नेली तर टर्बो इंजिनात अवेळी स्फोट होण्याचा धोका वेगळाच. तेव्हा ऑइल तापल्यावर अधूनमधून गाडी मोकळी करावी. अवांतर: माझ्या गाडीला खरंच स्टेपनी नाही, आयडीवरून विनोद पुरे.

गणित_मास्तर
"गाडी मोकळी करावी" याचीच वाट बघत होतो. इंजिनाची तब्येत हे या जमातीचं आवडतं निमित्त आहे. मोकळी सेकंड गिअरमध्ये साठच्या स्पीडलाही होते, पण होते कुठे? एक्सप्रेसवेवर, १४० ला. आणि समर्थन ठरलेलं: "आमचे ब्रेक तुमच्यापेक्षा चांगले आहेत."

हिशोब करू. तुमची गाडी १०० वरून ३६ मीटरमध्ये थांबते, माझी साधी हॅचबॅक ४५ घेते असं धरा. ब्रेकिंगचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे १४० ला तुमचे ३६ होतात ७०. त्यात समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा एक सेकंद: १०० ला २८ मीटर, १४० ला ३९. बेरीज करा. मी ७३ मीटरवर उभा, तुम्ही १०९ वर. तुमचे ब्रेक, तुमचे टायर, तुमचे पन्नास लाख, सगळं धरून. आणि मी ज्या ७३ मीटरवर थांबतो, त्याच जागेवरून तुम्ही ताशी शंभरच्या आसपास वेगाने जात असता.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला कारच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. तिथेही अशीच ताकदवान गाडी होती, पोर्शे.

लाल_किल्ली
मास्तर, गणित मान्य. पण १४० कोण म्हणालं? तो आकडा तुमचा. २०२४ पासून एक्सप्रेसवेवर कॅमेरे बसलेत, चलन सगळ्यांनाच येतं. आणि कल्याणीनगरला चालवणारा अल्पवयीन होता, त्यात रोजच्या सवयीचा काय संबंध?

गणित_मास्तर
दोन हजारांच्या चलनाने पन्नास लाखांच्या गाडीवाल्याची सवय बदलते हे तुम्हाला खरंच वाटतं?

निळी_थ्री_सिरीज
माझी रोजची वाट बाणेर ते हिंजवडी, गाडी धागाकर्त्यांच्या मित्राकडे आहे तीच, एम ३४०आय. मी कुणाशी स्पर्धा करत नाही, पण लोक माझ्याशी करतात. सिग्नलला बाजूला कुणीतरी येतो, बॅज वाचतो, मग काचेतून बघतो, बाई बसलेली दिसते, आणि ॲक्सिलरेटर फुरफुरायला लागतो. हिरवा झाला की तो सुटतो, पुढे पन्नास मीटरवर पीएमटीच्या बसमागे अडकतो. मी मागून सावकाश येते. रोज.

पण लाल_किल्ली, तुमचं "सगळेच जपून" मला पटत नाही. ही गाडी घेतल्यापासून माझे ओव्हरटेक बदललेत. पूर्वी दोन कंटेनरमध्ये फट दिसली तरी मी सोडून द्यायचे, कारण पिकअप नव्हता. आता पायाचा अंगठा टेकवला की फटीतून बाहेर. गाडीला जमतं, म्हणून मी कमी जागेत घुसते. स्पीडोमीटर बघाल तर मी ऐंशीतच आहे. कंटेनरवाल्याला विचारा, तो काय म्हणतो ते.

स्टेपनी_नाही
ताई, प्रामाणिक प्रतिसाद.

तिसरा_मालक
तुम्ही सगळे पहिल्या मालकांबद्दल बोलताय. तो जपतो, कारण हप्ता चालू असतो. २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस घ्या, २३० हॉर्सपॉवर, आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यालाच जुळणी झालेली. आज ती तिसऱ्या हातात आहे. तिसरा मालक काय करतो? आधी रीमॅप, म्हणजे लॅपटॉप लावून इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलायचं, तासाभरात तीनशेच्या घरात. मग फटाके फोडणारा एक्झॉस्ट. टायर? "अजून चालतील दहा हजार." ब्रेक पॅड कंपनीचे नको, बाजारातले स्वस्त. ताकद वाढवायला पैसे आहेत, थांबायला नाहीत. मी या गाड्यांचं काम करतो म्हणून सांगतो. रीमॅपला आलेल्या गाडीचे टायर आधी बघतो, दोर दिसत असतील तर परत पाठवतो. तो चिडून दुसऱ्याकडे जातो आणि तिथे करून घेतो.

मुठा_खोरे
एरवी फक्त वाचतो, आज लिहितो. आमचं घर लवासाच्या रस्त्याला. रविवारी सकाळी सहा-साडेसहाला तुमचे ग्रुप येतात, दहा-बारा गाड्या, पुढे बाईकवाले. रोज कसे चालवता ते माहीत नाही, आम्हाला तुम्ही रविवारीच दिसता.

माझे वडील त्याच वेळी डेअरीवर दूध घालायला निघतात. सायकलला दोन्ही बाजूंना किटल्या, वजनामुळे एकदम वळता येत नाही. वळणामागून आवाज आला की ते सायकल मातीत घेऊन उभेच राहतात. एक गेली म्हणून निघायचं नाही, मागून अजून असतात हे त्यांना आता पाठ झालंय. एकदा पोरं वरच्या वळणावर व्हिडिओ काढत होती, त्यातल्या एकाने म्हाताऱ्याला हात करून बाजूला व्हायला सांगितलं. स्वतःच्या रस्त्यावर!

तुम्ही सोमवार ते शनिवार ऑइल तापायची वाट बघता. आमच्याकडे येईपर्यंत ते तापलेलं असतं.

लाल_किल्ली
दादा, यावर वाद घालणार नाही. मीही त्या रस्त्याला येतो. पण वेग काढायचा तर जायचं कुठे? रेसिंगचे मोठे ट्रॅक कोईमतूरला, चेन्नईला, नाहीतर ग्रेटर नोएडाला. पुण्या-मुंबईच्या माणसाने दोन दिवस गाडी चालवून तिथे जायचं? सरकारने इथे तसा एक ट्रॅक दिला तर निम्मी माणसं घाट सोडतील.

गणित_मास्तर
क्रिकेटचं मैदान लांब आहे म्हणून कुणी दवाखान्याच्या गच्चीवर सीझन बॉलने खेळत नाही.

तिसरा_मालक
ट्रॅक झाला तरी निम्मे जाणार नाहीत हो. तिथे लॅप टाइम, म्हणजे फेरीची वेळ, लागतो, खरं काय ते कळतं. घाटात प्रत्येकजण पहिलाच.

लाल_किल्ली
बरं, एक करता येईल. आमच्या ग्रुपवर टाकतो: पिरंगुटपासून टेमघर धरणापर्यंत पन्नासच्या आत, सायलेन्सरची झडप बंद म्हणजे आवाज कमी, ओव्हरटेक नाही. जे काय करायचं ते वर, घाट मोकळा असेल तिथे. चालेल?

मुठा_खोरे
झडप उघडीच ठेवा. आवाज येतो म्हणून वडील वेळेत बाजूला होतात. गेल्या महिन्यात एक इलेक्ट्रिक गेली शेजारून, कळलंसुद्धा नाही. आणि वरचा घाट मोकळा असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? वर वाड्या आहेत, गुरं त्याच रस्त्याने उतरतात. पन्नास म्हणताय ना, ते वरपर्यंत न्या.