अनुभव धागा: ऐंशीच्या दशकातलं आमचं सांगली-साताऱ्याचं रॉक

गावभागकर (धागाकर्ता)

परवा माळा आवरताना पत्र्याची एक पेटी सापडली. आत सात कॅसेटी. बाकीच्या पन्नासेक २०१९ च्या पुरात खालच्या खोलीतल्या कपाटासकट गेल्या. सांगलीच्या गावभागातल्या घरांमध्ये अशा कथांना तोटा नाही.

सातांपैकी एक टीडीकेची डी-९०. तिच्या कागदावर माझ्याच अक्षरात 'डिप पर्पल, नंबर १ कॉपी' असं लिहिलंय (डीप पर्पल म्हणजे इंग्लंडचा रॉक बँड). नंबर १ म्हणजे कॉपीची कॉपीची कॉपी. आखातातल्या कुणाच्या तरी काकांनी एलपी आणली, मुंबईच्या पोरानं ती टेप केली, तो सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकायला आला, त्याच्याकडून कुणीतरी उतरवली आणि मग ती माझ्याकडे आली. सन १९८४. गिटारचा तुकडा ऐन रंगात आला की मागून एक बाई ओरडते, "अरे पोरांनो, पाणी आलंऽऽ!" मी ही कॅसेट इतक्यांदा ऐकली की पुढे कधीतरी मूळ गाणं स्वच्छ आवाजात ऐकलं तेव्हा त्या जागी थांबून वाट बघत बसलो. बाई आलीच नाही. गाणं अपुरं वाटलं.

तर लिहा. कॅसेटी, गच्चीवरचे थर्टी फर्स्ट, गॅदरिंग, भाड्याचा व्हीसीआर, काहीही. बोनी एम आणि नाझिया हसन चालतील. रॉक कशाला म्हणायचं यावर भांडण नको.

विश्रामबागेतली खोली

अहो थांबा. ती बाई म्हणजे आमच्या घरमालकीणबाई! (निदान नव्वद टक्के.)

आम्ही चौघं वालचंदचे, ८३ ते ८७. होस्टेल मिळालं नाही म्हणून विश्रामबागेत खोली घेतली होती. दोन टेप होते, पण दोन्ही जोडायच्या वायरची एक पिन तुटलेली. मग एक टेप गादीवर ठेवायचा, त्याच्यासमोर दुसरा, आणि दुसऱ्याच्या बिल्ट-इन माईकवर रेकॉर्डिंग. दिवसा रिक्षा, भाजीवाला, शेजारचा रेडिओ, सगळं आत यायचं. म्हणून पहाटे पाचला उठून करायचो. पंखा बंद, खिडकी बंद, कुणी खोकायचं नाही. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, अख्खी एलपी बसून वर एखाद-दुसरं गाणं. तेवढा वेळ चौघं भिंतीला टेकून, बारशाला आल्यासारखे गप्प.

आणि नळ यायचा साडेपाचला. मावशींना काय माहीत आत काय चाललंय? त्यांनी दारावर थाप मारून हाक दिली. त्या थापेचा आवाजही असणार बघा, ड्रमसारखा वाटत असेल. पुन्हा रेकॉर्ड करायचं होतं, पण मूळ कॅसेट सकाळच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं, चुकलो, कोयनेनं, मुंबईला परत जाणार होती.

मावशींनी एकदाच मत दिलं होतं. "एवढा ओरडतोय, त्याला दवाखान्यात का नेत नाहीत?"

बाजाची तार

मी मिरजेचा. माझ्याकडे गिवसनची गिटार होती, सेकंडहँड, मानेला बारीक बाक आलेला. १९८५ च्या गॅदरिंगला दोन दिवस असताना पहिली तार तुटली. सांगलीत फिरलो, कोल्हापूरला निरोप धाडला, कुठंच नाही. गिटारच्या तारा म्हणजे पुणे-मुंबई.

आणि मी राहतोय कुठं, तर मिरजेत! फरीदसाहेबांपासून दीडशेहून अधिक वर्षं जिथं सतारी आणि तंबोरे बनतायत तिथं. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.) डोक्यात प्रकाश पडायला एक अख्खा दिवस गेला. सतारमेकर गल्लीत एका कारागिरांकडे गिटार घेऊन गेलो. दुकानात वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, लाखेचा वास. चाचांनी गिटार आडवी-उभी करून पाहिली, पाठीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "भोपळा नाही, तरी बोलतीय."

त्यांनी सतारीच्या बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, पोलादी तार काढली. अडचण अशी की गिटारच्या तारेला टोकाला एक पितळी मणी असतो, तो खाली अडकतो. सतारीची तार येते वेटोळ्यात, मणीबिणी काही नाही. चाचांनी माझ्या तुटक्या तारेचा मणी सोडवला, नव्या तारेचा फास त्यात ओवला आणि स्वतःभोवती दहा-बारा पीळ दिले, नखानं दाबून. दोन मिनिटांचं काम. मग घोडीकडे, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीकडे, बघून म्हणाले, "आवाज बंद आहे रे. जवारी काढून देऊ? खुला होईल."

जवारी काढायची म्हणजे तार झणझणावी म्हणून घोडी घासायची. मी घाबरलो. गिटार घासली तर गेली कामातून. "नको नको" म्हणून पळालो. गॅदरिंगला तार टिकली. मी नाही टिकलो, दुसऱ्या गाण्याला हुर्यो मिळाली.

नंतर कधीतरी समजलं की आम्ही पॉकेट रेडिओचा स्पीकर फाडून, अॅम्प्लिफायर पिरगाळून जो खरखरीत, लांबणारा सूर काढायला धडपडत होतो, तो मला चाचा कानशीनं काढून देत होते. गिटारला जवारी. करायला हवं होतं.

अस्सल कान

मस्त लिहिलंय सगळ्यांनी, पण धाग्यात बोनी एम येणार असेल तर मी बाहेर. ते डिस्को आहे.

तासगाव एस.टी.

मग जावा की बाहेर. ८६ साली अकरावीला सांगलीत आलो तवा कॉलेजच्या कट्ट्यावर हेच ऐकलं. "तुला कुठला रॉक आवडतो?" मी म्हटलं बोनी एम. आख्खा कट्टा हसला. वर्षभर मला 'बोनी' म्हणत हुती पोरं.

पर मला सांगा, तुमच्यातल्या कितीजणांनी तवा डोळ्यासमोर, लाईव्ह काय ऐकलंवतं? आमच्याकडं बेंजो पार्टी हुती. बुलबुलतरंगच तो, टाइपरायटरसारखी बटणं, त्याला पिकअप लावायचा, वायर आहुजाच्या मशिनला, मशिनचा आवाज शेवटपत्तोर पिळलेला आणि वर दोन भोंगे. भोंगा फाटायच्या बेताला आला की जो आवाज निघायचा ना, तसला आवाज काढायला तुमची गोरी पोरं पायाखाली पेटी ठेवत्यात. संगं ताशा, ढोल आणि एक पत्र्याचा ड्रमसेट. वरात दोन तास एका चौकातनं हलायची नाही. म्हातारी माणसं कानात कापूस घालायची, शिव्या द्यायची. हे रॉक न्हवं तर काय?

तुमच्या डीप पर्पलचं मला पुढं कळलं, चांगलं हाय. पर आमचा बेंजोवाला त्यास्नी ऐकला नव्हता आणि त्यांनी बेंजोवाल्याला. नुकसान दोघांचंबी.

अस्सल कान

बेंजोचा मुद्दा मान्य. बोनी एमचा नाही.

स्टार्टरवाली

इथे सगळे पुरुषच लिहितायत, त्यात नवल नाही. पार्ट्या त्यांच्याच होत्या.

साल १९८७, थर्टी फर्स्ट, माधवनगर रोडला एका मित्राच्या गच्चीवर. मित्र म्हणजे भावाचा मित्र. सगळ्यांना डिस्को लाईट हवे होते आणि ते भाड्यानं आणण्याइतके पैसे नव्हते. मी पॉलिटेक्निकला होते. घरच्या गणपतीच्या आराशीत शिकलेली युक्ती वापरली. साठचा बल्ब घ्यायचा आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ट्यूबलाईटचा स्टार्टर जोडायचा. स्टार्टरच्या आतली पट्टी तापते, वाकते, गार होते, सुटते, आणि बल्ब आपोआप लुकलुकतो. प्रत्येक स्टार्टरची चाल वेगळी, त्यामुळे पाच बल्ब लावले की कुठलाच दुसऱ्याशी जुळत नाही. हेच हवं होतं. बल्बवर लाल, हिरवा, पिवळा जिलेटिन कागद, पण चिकटवून नाही, नाहीतर जळतो. डालड्याच्या डब्यांची बुडं कापून त्यांच्या तोंडाला कागद बांधला.

दुपारी तीनला बसले, सहाला झालं. मेन बोर्डातून वायर ओढताना एक शॉकही खाल्ला. साडेसातला अंधार पुरेसा झाला तेव्हा एकदा लावून पाहिलं. पांढऱ्या चुन्याच्या कठड्यावर रंग असे धावायला लागले की मीच हरखले. कुणीतरी नाझिया हसन लावली. मी अर्धं गाणं नाचले, एकटीच, कारण पोरं अजून लाजत होती आणि वेफर्सच्या पिशव्या फोडत होती.

मग भाऊ म्हणाला, आठ वाजले, तुला घरी सोडतो.

पार्टी नऊला सुरू झाली म्हणे. थम्स अप, अंडाबुर्जी, आणि टाकीच्या मागं लपवलेली बिअर, तीन बाटल्या अकराजणांत. भाऊ आजही सांगतो, "काय लाईट होते आपले!" आपले.

पसरणी घाट

आमची गंमत वेगळी. मी वाईचा. ८६-८७ मध्ये माझ्याकडे क्वीन या इंग्लंडच्या बँडची एक कॅसेट होती, पुण्याच्या मामेभावानं भरून दिलेली. टू-इन-वनचे सेल उतरले की त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी हळूहळू म्हातारा व्हायचा आणि शेवटी भूत. सेल उन्हात ठेवून, दातानं चावून पुन्हा अर्धं गाणं काढायचं.

हा माणूस लंडनचा गोरा आहे अशी माझी खात्री होती. नदीकाठी गणपतीच्या घाटावर बसून आम्ही ती कॅसेट ऐकायचो आणि समोर पाचगणीचा डोंगर. १९९१ च्या नोव्हेंबरात तो गेला, आणि त्यानंतर केव्हातरी एका मासिकात वाचलं की हा फारुख बुलसारा, पारशी, झांझिबारला जन्मलेला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला शिकलेला. १९५८ च्या सुमाराला तिथल्या पोरांबरोबर त्यानं 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता, त्यात तो पियानो वाजवायचा. म्हणजे ज्या घाटातून आम्ही एस.टी.नं उलट्या करत वर जायचो, त्याच घाटातून तोही गेला असणार.

मी वडिलांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांचं तरुणपणी पाचगणीच्या शाळांमध्ये भाजी पोचवायचं काम होतं. म्हणाले, "असेल. पोरं पुष्कळ होती. ओरडायची सगळीच."

कराडचा एकजण

थोडक्यात लिहितो. १९८८ च्या आसपास मुंबईला धोबीतलावच्या रंगभवनात रॉक मशीनला ऐकलं (पुढे त्यांचंच नाव इंडस क्रीड झालं). कॉलेजात काही सांगितलं नव्हतं, घरी 'प्रोजेक्टचं काम' म्हणून सांगितलं. कॅसेटवर बास नावाची गोष्ट मला कधी ऐकूच आली नव्हती. तिथं ती आधी बरगड्यांना कळली, मग कानाला. परत आल्यावर माझ्या सगळ्या कॅसेटी आजारी वाटायला लागल्या, महिनाभर टेप लावला नाही.

नंतर लावला. सवय.

साताऱ्याची पोवई

धागाकर्ते, पुरात गेलेल्या कॅसेटी, आणि वाचलेलीवर बाई ओरडते 'पाणी आलं'? माफ करा, राहवलं नाही.

गावभागकर (धागाकर्ता)

माफी कसली! बायको परवापासून तेच म्हणतेय. मावशी पस्तीस वर्षं आधीच सांगत होत्या, आम्हीच ऐकलं नाही.

स्टार्टरवाल्या ताई, ती डालड्याच्या डब्यांची आरास मी पाहिली असण्याची दाट शक्यता आहे. अकरातला एक मी असेन. तसं असेल तर उशिरा का होईना, लाईट तुमचे.

विश्रामबागेतली खोली

एक विनंती. मावशी आता नाहीत, पण त्यांचा मुलगा इथंच असतो. मावशींचा आवाज त्याच्याकडे कशातच नाही. तेवढा तुकडा फोनवर घेऊन पाठवाल का? गाण्याचं त्याला काही नको, पुढचं-मागचं कापलं तरी चालेल.

गावभागकर (धागाकर्ता)

पाठवतो. पण टेपरेकॉर्डरच्या आतला, चाकं फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबर झालाय, बोटं काळी करून बसलोय. शनिवारी मारुती रोडला विचारतो.

गावभागकर (धागाकर्ता)

पट्टा मिळाला, पण मापाचा नाही. जरा सैल बसतोय, टेप सावकाश फिरतो. मावशी एकदम बाप्यासारख्या बोलतायत, हे त्यांच्या मुलाला पाठवणं बरं नाही. हेड स्पिरिटनं पुसून ठेवलंय. मिरजेला एक जुना रेडिओवाला आहे म्हणतात, उद्या त्याच्याकडे जातो. कुणाकडे दहा सेंटीमीटरचा चौकोनी पट्टा पडून असेल तर सांगा.