मदत हवी आहे: दुर्बिणीच्या आरशावरचे डाग धुऊनही जात नाहीत

माझी ८ इंची डॉबसोनियन (साध्या बैठकीवरची, आरशाची दुर्बीण) आहे. शेजारी वर्षभर बांधकाम चालू होतं आणि मी नळीचं तोंड उघडंच टाकून झोपायला जायचो (बोला, काय बोलायचं ते). परवा टॉर्च तिरपी धरली तर आरशावर पीठ चाळल्यासारखी धूळ. आरसा काढून धुतला: आधी नुसती पाण्याची धार, मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. कापसाचा बोळा कुठेही दाबला नाही.

बहुतेक धूळ गेली. पण खालच्या कडेला मोहरीएवढे दहाबारा पांढुरके डाग उरलेत. प्रत्येकाला थेंब वाळल्यावर उरते तशी कड. मागून टॉर्च मारली की तिथून उजेड आरपार येतो.

आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत मुलामा जेमतेम १०० नॅनोमीटर, हे मान्य. पण त्यावर सिलिकाचं (काचेसारखं) संरक्षक कवच आहे ना? मग नुसत्या धुळीनं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं कसं? पुन्हा मुलामा चढवून घेऊ की असाच वापरू?

प्रतिसाद १:
कोरडी धूळ प्रकाश विखुरते, गुरूचे पट्टे फिके दिसतात, तेवढंच. खरं दुखणं दव पडल्यावर. सिमेंट-चुन्याची धूळ भिजली की पाणी अल्कधर्मी होतं आणि अ‍ॅल्युमिनियमला नेमकं तेच सोसत नाही. वरचा ऑक्साइडचा पापुद्रा विरघळतो, मग खालचा धातूही. कवचाला बारीक छिद्रं असतातच, पाणी तिथून शिरतं. नळी तिरकी असली की दव खालच्या कडेला जमतं, म्हणून डागही तिथेच.

आता घासू मात्र नका. धातूच उरला नाही तिथे काय निघणार? उलट वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापावर ७ आणि अ‍ॅल्युमिनियम ३ च्याही खाली, म्हणजे एखादा कण बोळ्यात अडकला की ओरखडा ठरलेला. बारा डाग दोन-दोन मिलिमीटरचे धरले तरी आरशाचा हजारावा भाग जेमतेम गेलाय. नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या, दुय्यम आरशाची सावली याहून कितीतरी जास्त जागा अडवते. फोटो काढून ठेवा आणि डाग वाढले तरच मुलाम्याचं बघा.

धागाकर्ता:
हुश्श! म्हणजे आता निरीक्षण संपलं की लगेच टोपी लावायची, बरोबर?

प्रतिसाद १:
लगेच नको. आरशावर दव असेल तर टोपीनं ते आत कोंडलं जाईल. नळी घरात आणून आडवी ठेवा, आरसा वाळला की मग टोपी.